कॅनन स्ट्रीटची चौदा मुले : एका न झालेल्या सामन्याचा इतिहास

खेळाच्या मैदानावर सारे सारखेच, असे आपण शाळेच्या क्रीडादिनी नेहमी ऐकतो आणि ऐकवतोही. वाक्य चांगले आहे. पण ते आपोआप खरे ठरत नाही. ते खरे व्हावे म्हणून कुणाला तरी झगडावे लागते, आणि पुष्कळदा झगडा मोठ्यांचा असून त्याचे ओझे लहान मुलांच्या खांद्यावर येते. अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात चार्ल्स्टन या शहरी १९५५ साली असेच घडले. अकरा-बारा वर्षांच्या चौदा मुलांचा एक बेसबॉल संघ त्या वर्षी राज्याचा विजेता ठरला, आणि तोही स्पर्धेतला एकही सामना न खेळता. असा विजय त्या मुलांनी मागितला नव्हता. त्यांना खेळायचे होते. त्यांची हकिगत आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. म्हणून ती येथे सांगण्याचे योजले आहे. शिक्षकांना आणि खेळ शिकवणाऱ्यांना तिच्यात विचार करण्यासारखे बरेच काही आहे.

मुलांसाठी लहान केलेला खेळ

प्रथम खेळाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. बेसबॉलमध्ये चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना बेस म्हणतात. एक खेळाडू चेंडू फेकतो, दुसरा गोल दांड्याच्या बॅटने तो टोलावतो आणि धावत सुटतो. एकेक बेस गाठत तो मूळ ठाण्यावर परत आला म्हणजे एक धाव झाली. मैदानावर संघाचे नऊ खेळाडू उभे राहतात. मोठ्यांच्या सामन्यात नऊ डाव असतात आणि दोन बेसमध्ये नव्वद फुटांचे अंतर असते.

हे अंतर लहान मुलांना झेपत नाही, ही गोष्ट पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट गावच्या कार्ल स्टॉट्झ नावाच्या एका साध्या नोकरदाराच्या लक्षात आली. नात्यातील दोन मुलांबरोबर खेळता खेळता १९३८ साली त्याने मैदान लहान करून पाहिले. साठ फुटांवर बेस, सहाच डाव, हलके साहित्य. पुढच्या वर्षी ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबर या संघाने लायकोमिंग डेअरी या संघावर २३ विरुद्ध ८ असा विजय मिळवला. तीन संघांची ही छोटीशी योजना म्हणजेच ‘लिटल लीग’. तिचा प्रसार झपाट्याने झाला. १९४७ साली तिची पहिली मोठी स्पर्धा विल्यम्सपोर्टला भरली, आणि १९५५ पर्यंत अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्व ४८ राज्यांत ती पोहोचली होती. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात, तशाच पायऱ्या तिथेही होत्या. गावातल्या संघांतून निवडक मुलांचा एक संघ करायचा, त्याने शहर, राज्य आणि विभाग जिंकायचा आणि अखेरीस ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्ट गाठायचे. बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने यापेक्षा मोठे स्वप्न नव्हते.

सामन्याच्या दिवशीची तयारी

मुलांच्या संघाला सामन्याच्या दिवशी सांभाळणे हे काय काम असते, ते आपल्यापैकी ज्यांनी कबड्डीचा वा क्रिकेटचा शालेय संघ बाहेरगावी नेला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बेसबॉलमध्येही तेच. प्रशिक्षक सकाळीच बॅटी, हातमोजे, चेंडू झेलणाऱ्याचा जाळीचा मुखवटा, छातीचे कवच आणि पायांवरच्या ढाली मोजून घेतो. फळीवर कोण आधी येणार याचा क्रम लिहून काढतो. चपळ मुलगा पहिला आणि जोरकस मारणारा तिसरा-चौथा, अशी साधारण रीत. तो कागद सामन्यापूर्वी पंचांच्या हाती द्यायचा असतो. चेंडू फेकणाऱ्या मुलाचा हात थकलेला तर नाही ना, हे पाहावे लागते, कारण वाढत्या वयाचा कोपर एकदा दुखावला की लवकर बरा होत नाही.

मग मैदानावरचा सराव. प्रशिक्षक मूळ ठाण्याजवळ उभा राहून एकेका मुलाकडे चेंडू टोलावतो. आधी तिसऱ्या बेसकडे, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खेळाडूकडे, मग दुसऱ्या आणि शेवटी पहिल्या बेसकडे. मुलगा चेंडू उचलतो, फेकतो, आणि चेंडू बेसबेसवरून फिरून परत येतो. या सरावाने हात मोकळे होतात हे खरेच; पण त्याहून मोठा उपयोग असा की छातीतली धडधड कमी होते. प्रेक्षकांकडे आणि समोरच्या संघाकडे लागलेले डोळे चेंडूकडे वळतात. खुणा ठरलेल्या असतात, त्यांची एकदा उजळणी होते. हरलो तरी समोरच्यांशी हात मिळवायचा, हेही सांगून झालेले असते.

ही सगळी तयारी एका गोष्टीवर विसंबून असते. समोरचा संघ येणार, ही ती गोष्ट. १९५५ च्या उन्हाळ्यात चार्ल्स्टनच्या मुलांच्या बाबतीत नेमकी तीच घडली नाही.

चार्ल्स्टन शहर आणि कॅनन स्ट्रीट

चार्ल्स्टन हे अटलांटिक किनाऱ्यावरचे जुने बंदर. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचा व्यापार जिथे सर्वांत जास्त चाले, अशा अमेरिकन बंदरांत त्याची गणना होते. अमेरिकेच्या यादवी युद्धाचे पहिले तोफगोळेही एप्रिल १८६१ मध्ये याच बंदरातल्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर पडले. युद्धानंतर गुलामगिरी गेली. परंतु शाळा, बस, उपाहारगृह, बाग, मैदान अशा साऱ्या ठिकाणी गोऱ्यांसाठी वेगळे आणि काळ्यांसाठी वेगळे, अशी व्यवस्था दक्षिणेतील राज्यांनी कायद्याने बसवली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

कॅनन स्ट्रीटवर कृष्णवर्णीय समाजाची वाय.एम.सी.ए. होती. तिचे अध्यक्ष रॉबर्ट मॉरिसन यांनी १९५३ साली आपल्या मुलांसाठी लिटल लीगची रीतसर मान्यता मिळवली. चार संघ उभे राहिले, आणि समाजातल्या व्यावसायिकांनी व संस्थांनी गणवेशाचा आणि साहित्याचा भार उचलला. मुले हार्मन फील्ड या मैदानावर खेळू लागली. घरोघरी मुलांच्या तोंडी जॅकी रॉबिन्सनचे नाव होते. १९४७ साली व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च श्रेणीतली वर्णभेदाची जुनी भिंत ओलांडणारा हा खेळाडू प्रत्येक काळ्या मुलाला आपलाच वाटे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या मुलांनी लिटल लीगच्या नावाखाली आपापसांत खेळावे, याला मोठा विरोध झाला नाही. ती वेगळी खेळत होती तोवर सारे शांत होते. विरोध उफाळला तो एकाच मैदानावर समोरासमोर येण्याची वेळ आली तेव्हा.

साऱ्यांची माघार

काळही तसाच होता. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या निकालात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी एक दक्षिण कॅरोलिनाच्याच क्लॅरंडन परगण्यातला होता. त्यामुळे गोऱ्या समाजातील सनातनी मंडळी बिथरलेली होती. अशा वेळी जुलै १९५५ मध्ये मॉरिसन यांनी आपल्या चार संघांतून निवडलेल्या चौदा मुलांचे नाव स्पर्धेसाठी नोंदवले. नियमाप्रमाणे तो त्यांचा हक्क होता.

चार्ल्स्टनच्या गोऱ्या संघांनी माघार घेतली. शहराचे विजेतेपद कॅनन स्ट्रीटकडे आले. आता राज्य स्पर्धा. राज्यातील लिटल लीगचे संचालक डॅनी जोन्स यांनी गोऱ्यांपुरती वेगळी स्पर्धा घेण्याची परवानगी मागितली. लिटल लीगचे अध्यक्ष पीटर मॅकगव्हर्न यांनी ती साफ नाकारली. आमच्या नियमांत वर्णाला स्थान नाही, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्या काळी ती घेणे सोपे नव्हते. तेव्हा राज्यातील पन्नासाहून अधिक गोऱ्या लीग एकजात बाहेर पडल्या. जोन्स यांनी राजीनामा देऊन फक्त गोऱ्या मुलांची नवी संघटना काढली. पुढे ती ‘डिक्सी यूथ बेसबॉल’ या नावाने दक्षिणेत पसरली. यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा तिने आपल्या बोधचिन्हात घेतला.

आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत सांगायचे तर कॅनन स्ट्रीटच्या संघाला प्रत्येक फेरीत ‘पुढे चाल’ मिळाली. बेसबॉलमध्ये सामना असा सोडून दिला गेला तर धावफलकावर ठरावीक आकडा मांडतात. नऊ डावांच्या खेळात ९-०, सहा डावांच्या खेळात ६-०. त्या सहा धावा कुणीही काढलेल्या नसतात.

ज्या गोऱ्या मुलांची नावे मागे घेतली गेली, तीही बारा वर्षांचीच होती. त्यांनीही वर्षभर सराव केला होता आणि त्यांचेही विल्यम्सपोर्टचे स्वप्न होते. ते मोडले ते काळ्या मुलांनी नव्हे, तर त्यांच्याच वडीलधाऱ्यांनी. भेदभावाने नुकसान एकाच बाजूचे होते असे जे समजतात, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी.

नियम आणि न्याय

राज्याचे विजेते म्हणून मुलांनी आता जॉर्जिया राज्यातील रोम या गावी विभागीय स्पर्धेला जायचे होते. तिथे दुसराच अडथळा आला. केवळ पुढे चाल मिळवून वर आलेला संघ पुढच्या स्पर्धेस पात्र नाही, असा लिटल लीगचा नियम होता. ज्या मॅकगव्हर्न यांनी वर्णभेदाची मागणी फेटाळली होती, त्यांनीच या नियमावर बोट ठेवून संघाला अपात्र ठरवले.

नियम मुळात वाईट नव्हता. मैदानावर काही न करता कागदावर जिंकत कुणी अखेरच्या फेरीपर्यंत जाऊ नये, हा त्याचा हेतू. परंतु नियम करणाऱ्याने असे गृहीत धरले होते की माघार ही एखाददुसरी आणि सकारण असेल. साऱ्या राज्याने मिळून एका संघावर बहिष्कार टाकावा, हे त्याच्या ध्यानीमनी नसावे. त्यामुळे झाले असे की जे मैदानात उतरायला तयार होते त्यांना शिक्षा झाली, आणि ज्यांनी पाठ फिरवली त्यांचा हेतू नियमानेच साधून दिला. त्यांना या मुलांना अडवायचेच होते. मॅकगव्हर्न यांच्या धैर्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. पण अर्ध्या वाटेवर थांबलेल्या धैर्याची किंमत त्या चौदा मुलांनी मोजली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दुसरा मार्ग शक्य होता काय, या प्रश्नाचे उत्तर त्याच महिन्यात फ्लॉरिडा राज्याने दिले. तिथे पेन्साकोला शहराच्या जेसीज या कृष्णवर्णीय मुलांच्या संघाविरुद्धही काहींनी खेळण्यास नकार दिला होता. तरी तो संघ राज्य स्पर्धेसाठी ऑरलँडोला पोहोचला. समोर ऑरलँडो किवॅनिस हा गोऱ्या मुलांचा संघ होता. खेळायचे की नाही, हे तिथे मुलांना विचारण्यात आले, आणि मुलांनी खेळायचे ठरवले. ९ ऑगस्ट १९५५ रोजी सामना झाला. ऑरलँडोची मुले जिंकली, पेन्साकोलाची हरली, आणि आकाश कोसळले नाही. तेच वर्ष, तीच दक्षिण, तीच लीग. फरक इतकाच की ऑरलँडोत कुणीतरी मुलांना विचारले.

विल्यम्सपोर्टची वारी

मॅकगव्हर्न यांनी कॅनन स्ट्रीटच्या संघाला पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावले. मुले बसने निघाली. चार्ल्स्टनहून हा प्रवास सहा-सातशे मैलांचा. त्या काळी दक्षिणेत काळ्या प्रवाशांना बहुतेक उपाहारगृहांत आणि वसतिगृहांत प्रवेश नसे. विल्यम्सपोर्टला मात्र इतर संघांबरोबर त्यांची महाविद्यालयाच्या वसतिगृहात सोय झाली. गोऱ्या मुलांबरोबर एका छपराखाली राहण्याचा आणि एका पंगतीत जेवण्याचा त्यांच्यापैकी अनेकांचा तो पहिलाच प्रसंग असावा.

२६ ऑगस्ट १९५५ रोजी अंतिम सामना होता. त्याआधी कॅनन स्ट्रीटच्या मुलांची प्रेक्षकांना ओळख करून देण्यात आली आणि त्यांना मैदानावर थोडा वेळ सराव करू देण्यात आला. सराव कसा असतो ते वर सांगितलेच आहे. गणवेश घातलेली मुले आपापल्या जागी उभी राहिली. चेंडू फिरू लागला. त्यांचे झेल आणि त्यांची फेक पाहून प्रेक्षकांतून आवाज उठला, ‘त्यांना खेळू द्या! त्यांना खेळू द्या!’ त्या संघातील खेळाडू म्हातारे झाले तरी तो आवाज विसरले नाहीत, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे.

पण त्यांना खेळू दिले गेले नाही. ती मुले मैदानातून बाहेर आली आणि प्रेक्षकांत जाऊन बसली. पेनसिल्व्हेनियाच्या मॉरिसव्हिल संघाने न्यू जर्सीच्या मर्चंटव्हिल संघाला सातव्या, म्हणजे एका जादा डावात ४-३ असे हरवले. सामना रंगला. कॅनन स्ट्रीटच्या मुलांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

त्या क्षणी त्या मुलांबरोबरच्या प्रौढांवर काय वेळ आली असेल, याचा विचार मनात येतो. हरलेल्या संघाला समजावणे आपल्याला जमते. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणता येते. अमुक झेल सुटला, तमुक चूक झाली, अशी कारणे दाखवता येतात. पण या मुलांची काहीच चूक झालेली नव्हती. त्यांना कोणती उणीव दाखवणार? आणि पुढचे वर्षही नव्हते, कारण लिटल लीगची वयोमर्यादा बारा वर्षांची. बहुतेकांची ती शेवटचीच संधी होती.

मुले परतली ते दिवसही मोठे विदारक होते. २८ ऑगस्ट १९५५ रोजी मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली. साऱ्या देशाला त्या घटनेने हादरा बसला. १ डिसेंबरला मॉंटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा सोडण्यास नकार दिला आणि नागरी हक्कांच्या चळवळीने जोर धरला. मधल्या काळात, ऑक्टोबरमध्ये, जॅकी रॉबिन्सनच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाने प्रथमच अजिंक्यपद पटकावले. चळवळीच्या इतिहासात पार्क्स आणि टिल यांची नावे योग्य जागी आली. कॅनन स्ट्रीटची मुले मात्र विसरली गेली.

विस्मरण आणि आठवण

जवळजवळ चाळीस वर्षे ही हकिगत घराघरांतच राहिली. १९९० च्या दशकात चार्ल्स्टनच्या ऑगस्टस होल्ट या गृहस्थांचा मुलगा डिक्सी यूथच्या संघात खेळू लागला. मुलाच्या गणवेशावरचे ते जुन्या झेंड्याचे चिन्ह होल्ट यांना खटकले. ते आले कुठून, याचा शोध घेता घेता ते १९५५ सालापर्यंत पोहोचले. त्यांनी कागदपत्रे जमवली, पांगलेले खेळाडू हुडकून काढले आणि विषयाचा पाठपुरावा केला. अखेर २००२ साली लिटल लीगने त्या संघाच्या हयात खेळाडूंना पुन्हा विल्यम्सपोर्टला बोलावून १९५५ च्या राज्य विजेतेपदाचा ध्वज सन्मानाने दिला. मुले आता साठीच्या घरात होती.

त्यांच्यातला एक, बक गॉडफ्री, पुढे जॉर्जिया राज्यात शाळेत शिक्षक झाला आणि अनेक वर्षे फुटबॉलचा नामांकित प्रशिक्षक म्हणून गाजला. आपल्या संघाची कहाणीही त्याने पुस्तकरूपाने लिहिली. ज्याला स्वतःला सामना मिळाला नाही, त्याने पुढच्या पिढ्यांतल्या कितीतरी मुलांना सामन्यांसाठी तयार केले.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. वर्णाच्या बाबतीत उदार असलेल्या याच लिटल लीगने १९५१ साली नियम करून मुलींना बंदी घातली होती. ती उठायला १९७४ साल उजाडले, आणि तेही न्यायालयीन लढ्यानंतर. एक दार उघडणारी संस्था दुसरे दार बंद ठेवू शकते, याचे हे उदाहरण आहे. शिक्षणसंस्था चालवणाऱ्यांनी अधूनमधून आपल्या दारांकडे या दृष्टीने पाहणे बरे.

आपण यातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे तयारी वाया जात नाही. विल्यम्सपोर्टच्या त्या थोड्या मिनिटांत प्रेक्षकांना हलवले ते भाषणाने नव्हे, तर मुलांच्या सफाईदार सरावाने. हार्मन फील्डवर कुणीतरी ही मुले पुन्हा पुन्हा घोटून तयार केली होती, म्हणून ती मैदानात उभी राहताच त्यांची लायकी दिसली. ज्या समाजाच्या मुलांसाठी दारे सहज उघडत नाहीत, त्या समाजाच्या शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. संधी मिळेल की नाही हे आपल्या हातात नसते. पण ती आली त्या दिवशी आपली मुले कच्ची निघू नयेत, एवढे आपल्या हातात असते.

दुसरी गोष्ट अशी की जे लिहून ठेवले जात नाही ते हरवते. एका पालकाने कागद शोधले नसते तर या मुलांचे विजेतेपद काळाच्या उदरात गडप झाले असते. आपल्या शाळांचे जुने हजेरीपट, संघांची छायाचित्रे आणि स्पर्धांच्या नोंदी आपण जपल्या पाहिजेत. छायाचित्रामागे नावे लिहिण्याचे कष्ट आजच घ्यावेत. पन्नास वर्षांनी ती सांगणारे कुणी उरत नाही.

आणि तिसरी गोष्ट मोठ्यांसाठी. चार्ल्स्टनमध्ये मोठ्यांनी ठरवले आणि मुले घरी बसली. ऑरलँडोत मुलांनी ठरवले आणि सामना झाला. आपल्या मनातल्या भिंती मुलांच्या मैदानावर नेऊन उभ्या करण्यापूर्वी एकदा त्यांना विचारून पाहावे. बहुतेक वेळा मुलांना फक्त खेळायचे असते.